खडक घोरतो, असं मी लिहिलं

मित्रांनो, मी एक जुना, हातात धरून नेता येईल असा टाइपरायटर आहे. एका जागी फार दिवस ठेवलं की माझ्या कळा आखडतात आणि मन सैरभैर होतं. दूरदेशीच्या कारखान्यात माझे सुटे भाग जोडले गेले, पत्र्याच्या पेटीत बसवून मला जहाजावर चढवलं आणि मकासरच्या बंदरातल्या एका दुकानात आणून ठेवलं. तिथून मला तेनरीनं उचललं.

तेनरी एका साप्ताहिकासाठी प्रवासवर्णनं लिहायची. तिचाही पाय घरात ठरत नसे. लवंगा वाळत घातलेले रस्ते, म्हशींचे बाजार, शिडाची जहाजं, सगळीकडे मी तिच्याबरोबर हिंडलो. खाऱ्या वाऱ्यानं माझी एक कळ गंजली. संपादक पाक रुस्दी हसून म्हणत, "तेनरी, तुझं हे खटारं तुझ्यापेक्षा जास्त फिरलंय!" मी मनातल्या मनात फुलून जायचो.

पण खरी परीक्षा घरी असे. तेनरीच्या आईला सगळे इंदो बेस्से म्हणत. तेनरीही तिला इंदोच म्हणायची. इंदोची दृष्टी गेली होती. दिवसभर ती जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून बंदराचे आवाज ऐकायची आणि बोटं चाळवत राहायची. प्रत्येक लेख आधी तिला वाचून दाखवायचा, असा नेम होता.

एकदा आमचं जहाज वादळात सापडलं आणि नाखव्यानं एका अनोळखी बेटाच्या आडोशाला ते कसंबसं आणलं. घरी आल्यावर तेनरीनं माझ्यावर भराभर लिहिलं आणि वाचून दाखवलं, "तो किनारा अतिशय रमणीय होता. निसर्गाने तिथे सौंदर्याची मुक्त उधळण केली होती."

"उधळण केली म्हणजे नेमकं काय सांडलं गं?" इंदोनं विचारलं.

"इंदो, छान लिहिलंय की!"

"असेल. पण मला काही दिसलं नाही. डोळे गेलेत माझे, नाक-कान शाबूत आहेत. त्यांना काहीतरी दे की!"

तेनरीनं रागानं माझ्या रुळावरचा कागद ओढून काढला. "जीव मुठीत धरून बसलो होतो आम्ही. वास कसला घेतेय मी!"

"मग आता आठव."

तेनरी घरभर येरझाऱ्या घालू लागली. तळलेली केळी तशीच गार झाली. शेवटी ती माझ्यासमोर बसली आणि डोळे मिटून तिनं लिहिलं:

"वाळू काळी होती. भर पावसातही ती पायांना नुकत्याच विझलेल्या चुलीसारखी ऊबदार लागली. हवेला ओढलेल्या आगकाडीचा वास होता. किनाऱ्याच्या टोकाला एक पोकळ खडक होता. लाट आत शिरली की तो जेवून आडवा झालेल्या म्हाताऱ्यासारखा घोरायचा."

इंदोची बोटं थांबली. "खडक घोरतो? परत वाच."

तेनरीनं परत वाचलं. इंदो भिंत धरून उठली. ती म्हणाली, "माझा ला मादू तिथंच उतरला होता."

ला मादू हा इंदोचा धाकटा भाऊ, खलाशी. तापानं फणफणला म्हणून सोबत्यांनी त्याला एका बेटावर गावकऱ्यांच्या स्वाधीन केलं आणि जहाज पुढे नेलं. पुढे ते जहाजच बुडालं. वाचलेल्या एकमेव खलाशाला बेटाचं नाव ठाऊक नव्हतं. तो एवढंच सांगायचा, 'वाळू गरम होती आणि खडक घोरत होता.'

"मला का नाही सांगितलंस?" तेनरीनं विचारलं.

"लोक त्या खलाशाला वेडा म्हणाले. तूही हसली असतीस."

त्याच नाखव्याला गाठून आम्ही निघालो. इंदोला जहाजावर चैन पडेना. ती सारखी म्हणायची, "गप्प बसा रे, ऐकू द्या!" शेवटी तिलाच तो आवाज सगळ्यांच्या आधी ऐकू आला.

किनाऱ्यावर एक बाई मासे सुकवत होती. तेनरीनं ला मादूची चौकशी केली. बाईच्या हातातली मासळीची टोपली खाली पडली. "माझे बाबा," ती म्हणाली. "तापातून उठले, पण पाय लुळा पडला. इथं मोठं जहाज येतंय कुठं! गेल्या साली गेले."

"तुझं नाव काय, पोरी?" इंदोनं विचारलं.

"बेस्से. बाबांनी बहिणीचं ठेवलं."

इंदो तिथंच ऊबदार वाळूत बसली. बराच वेळ रडून झाल्यावर तिनं भाचीचा हात धरला. "म्हातारपणी कसा होता गं तो? आणि 'चांगले होते' असलं काही सांगू नकोस."

भाची विचारात पडली. मग म्हणाली, "हसले की सुकं खोबरं फुटल्यासारखा आवाज यायचा. अंगाला लवंगेच्या तेलाचा वास. आणि चालताना लुळा पाय असा ओढायचे, जसं हट्टी शेरडू दाव्यानं ओढत न्यावं."

तेनरी माझ्यावर टिपून घेत होती. इंदो रडता रडता हसली. "हां," ती म्हणाली, "आता दिसला."

मित्रांनो, आता तेनरीकडे नवं यंत्र आहे. मी कपाटावर विणलेल्या रुमालाखाली बसतो. बंदरातला भोंगा वाजला की अजून चुळबुळतो. माझ्यासारखं एखादं यंत्र तुमच्या घरी असेल, तर त्याला तेलाचा थेंब द्या, नवी फीत घाला. आणि कुठं फिरून आलात, तर 'खूप मजा आली' एवढ्यावर भागवू नका. वाळू कशी लागली ते सांगा. ऐकणाऱ्याचं कोण तिथं राहून गेलंय, तुम्हाला काय ठाऊक!