आप्पांच्या पट्टीतली रेल्वे

आमच्या गावाला रेल्वे नाही. मंगळवेढ्याहून एसटीनं फाट्यावर उतरायचं आणि पुढं चालत सुटायचं. म्हणून माझ्या नवऱ्यानं, अजिंक्यनं, जुळे सोलापुरातल्या आमच्या फ्लॅटच्या मागच्या खोलीत ती आणायचं ठरवलं. आठ बाय चारचं प्लायवूड, त्यावर अख्खं गाव आणि गावातून जाणारा बोटभर रुंदीचा रूळ. इंजिन आणि चार डबे ऑनलाइन मागवलेले, बाकी सगळी लूट माझ्या घरातली. रानातली काळी माती त्यानं माझ्या पिठाच्या चाळणीनं चाळली. ज्वारीचं उभं पीक केरसुणीच्या काड्यांचं केलं. फेविकॉलचा वास आमटीलासुद्धा यायला लागला. विम्याच्या ऑफिसात दिवसभर खुर्ची उबवणाऱ्या माणसाला एवढे उद्योग कुठून सुचतात, देव जाणे.

त्याच खोलीत खिडकीखाली आप्पांचा दिवाण होता. आप्पा म्हणजे माझे सासरे. सासूबाई गेल्यापासून ते रानातल्या वस्तीवर एकटेच राहायचे. उन्हाळ्यात विहिरीच्या पायरीवरून पडले आणि शेजारच्या रानातला धुळा, त्यांचा चुलतभाऊ, पाणी धरायला येईपर्यंत तिथंच पडून राहिले. मांडीचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झाल्यावर आम्ही त्यांना इकडं आणलं. त्यांनी आता कायमचं इथंच राहावं असं अजिंक्यला वाटत होतं, आणि मलाही. पण या घराण्यात मनातलं बोलायची पद्धत नाही. अजिंक्यनं एकदा आडून आडून विचारून बघितलं, तर आप्पा म्हणाले, "पावना हाय तवर ग्वाड. मुक्काम वाडला की कडू."

दिवाळीनंतर ते काठीशिवाय चालायला लागले आणि लगेच पिशवी भरायला बसले. अजिंक्य गडबडला.

"आप्पा, एवढी गाडी सुरू झालेली बघून जा की."

आप्पांनी प्लायवूडकडं बघितलं. तोवर त्यावर नुसते रूळ टाकलेले होते. "बरं. पर गाडी चालू झाली की दुसऱ्या दिशी मला एसटीत बसवायचं. सबूद म्हंजे सबूद."

मी ती अट चहाच्या कपाबरोबर विसळून टाकली. खरं तर आप्पांचा शब्द कसला असतो हे मला ठाऊक होतं. एकदा बांधावरून भांडण झालं तेव्हा 'तुझ्या मांडवात पाय ठेवणार नाही' असं ते धुळाला म्हणाले होते. त्याच्या लेकीच्या लग्नाला गेले, पण मांडवाबाहेर उन्हात उभं राहून अक्षता टाकल्या आणि तसेच परत आले.

दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या हरकती सुरू झाल्या.

"रूळ माज्याच पट्टीतनं का?"

"आप्पा, हे प्लायवूड आहे."

"प्लायवूड आसंल. पट्टी माजीच हाय न्हवं? धुळाचं टीचभर रान गेलं न्हाई. सर्वे कुनी केला ह्यो?"

अजिंक्यनं रूळ उखडले आणि धुळाच्या रानातून नेले. तिथं वळण एवढं आवळलं गेलं की इंजिन हातानं ढकललं तरी घसरायचं. मग आप्पांनीच मोठ्या मनानं स्वतःची पट्टी परत देऊ केली. "सरकारी काम हाय, आडवून भागत न्हाई." पण त्यांची बैलगाडी रुळापलीकडं कशी जाणार? म्हणून फाटक आलं, उदबत्तीच्या काड्या लाल-पांढऱ्या रंगवून. फाटक आलं म्हणजे फाटकवाला आला. तो गडी उन्हात उभा राहतोय म्हणून त्याला लिंबाचं झाड आलं. मग बायकांनी पाण्याला जाताना रूळ ओलांडायचा का, म्हणून विहीर सरकवावी लागली. एकेक हरकत आठ-आठ दिवस खायची.

अजिंक्य ऑफिसातून आला की हातपाय धुऊन आप्पांसमोर तलाठ्यासारखा बसायचा. "बोला, आज काय?" हे दोघं जन्मात एवढं बोलले नसतील. मी भाकरी थापता थापता ऐकायची, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं. आप्पाही मला आवडायला लागले होते. सकाळी माझ्याजवळ लसूण सोलत बसायचे, माझ्या भाकरीला नावं ठेवायचे आणि एक भाकरी जास्तच खायचे.

संक्रांत होऊन गेली. एका रविवारी मला चाळणी सापडेना. खोलीत जाऊन बघते तर ती रुळाच्या खडीनं भरलेली, आणि हे दोघं हनुवटीला हात लावून टेबलाकडं बघत उभे. सिग्नल कुठं हवा याची चर्चा चालली होती. माझं डोकं फिरलं.

"दिवाळी गेली, संक्रांत गेली. दोन बाप्ये मिळून एक खेळणं चालवता येईना तुम्हाला?"

टेबलाच्या कडेला एक लाल वायर नुसतीच लोंबत होती. शेजारी मोकळा स्क्रू दिसत होता. मी वायर त्याला गुंडाळली, नखानं आवळली, बटण दाबलं आणि खुंटी फिरवली. इंजिन हललं. ज्वारीच्या पोत्यांनी भरलेले चार उघडे डबे मागं घेऊन ते फाटकातून गेलं, विहिरीजवळून गेलं, आप्पांच्या पट्टीतून गेलं आणि न घसरता वळून परत आलं.

शाबासकी घ्यायला मी मागं वळले. अजिंक्य त्या लाल वायरकडं बघत होता. आप्पा गाडीकडं बघत होते.

"झाली चालू," ते म्हणाले आणि दिवाणाखालची पिशवी त्यांनी बाहेर ओढली.

अजिंक्यनं मला स्वयंपाकघरात नेलं. "सगळं जोडून महिना झाला होता," तो हळू आवाजात म्हणाला. "ती वायर मीच काढून ठेवली होती."

"मला सांगायचं नाही का?"

"आणि आज सकाळपासून आप्पांना एकही हरकत सापडत नव्हती. शेवटी मीच सिग्नलचं काढलं."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. एक वायर काढून ठेवत होता आणि दुसरा विहिरी सरकवत होता. जायचं कुणालाच नव्हतं, पाठवायचंही कुणाला नव्हतं, आणि मी अतिशहाणी मध्ये तडमडले. मला रडूच यायला लागलं. तशीच खोलीत गेले. आप्पा घडी घातलेलं धोतर उलगडून पुन्हा घडी घालत होते.

"आप्पा, मला नीट बोलता येत नाही, नुसतं भांडता येतं," मी म्हणाले. "पण तुम्ही जाऊ नका. तुम्ही तिथं एकटे असलात की रात्री ती विहीर माझ्या डोळ्यांपुढं येते. यांच्याही येते, पण हे मेले तरी सांगणार नाहीत. तुम्ही मला इथं हवे आहात. राहा."

अजिंक्य दारात येऊन उभा राहिला होता. त्यानं मान खाली घातली. गाडी बंद करायचं कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं, ती आपली गावाला फेऱ्या घालत होती. आप्पांनी धोतर पिशवीत टाकलं आणि ते टेबलाजवळ येऊन गाडीवर वाकले.

"डब्यात काय हाय त्या?"

"ज्वारीची पोती," अजिंक्य म्हणाला.

"म्हंजे मालगाडी हाय." आप्पा दिवाणावर टेकले. "मी मानसांच्या गाडीचं बोललो हुतो. मानसांची गाडी कुटं चालू झालीया अजून?"

"नाही झाली," अजिंक्य म्हणाला. "माणसांचे डबे मी अजून मागवलेच नाहीत, आप्पा."

आप्पांनी पिशवीतून धोतर काढलं आणि माझ्या हातात दिलं.

"मागवू नगंस," ते म्हणाले.