अंगणात सापडलेलं उखळ

मी एक दगड बोलतोय. माझ्या पोटात ओंजळभर खोलगा आहे, म्हणून क्युपर्टिनोची रत्ना मला उखळ म्हणते.

मी ओढ्यात जन्मलो, पण हा खोलगा बायकांनी पाडला. आईनं, मग लेकीनं, मग नातीनं. ओक झाडाची टोपीवाली फळं सोलायची, माझ्यात कुटायची, पीठ पुन्हापुन्हा धुऊन त्याचा कडूपणा घालवायचा. एका बाईच्या सगळ्या आयुष्यात मी जेमतेम नखभर खोल व्हायचो. मग ही ओंजळ व्हायला किती जणी लागल्या असतील? मी दगड असूनही थक्क होतो.

एका सकाळी शेवटच्या बाईनं मला पुसलं आणि पालथं घातलं. माघारी यायचं असलं की त्या असंच करायच्या. आत पालापाचोळा साचत नाही. पण तिच्या माणसांना परक्या पाद्र्यांच्या मिशनमध्ये नेलं, ती परतलीच नाही. माझ्यावर माती चढली, मग जर्दाळूच्या बागा आल्या, मग घरं.

मार्च २००३ मध्ये मेथीचा वाफा खणताना रत्नाच्या नवऱ्याची, मनोहरची, कुदळ माझ्या पाठीला लागली. त्यानं पहारीनं मला उलटवलं.

"अरे, हे तर उखळ आहे!" रत्ना ओरडली.

"मग मिक्सर विकून टाकू या," तिचा नवरा म्हणाला.

तिनं मला घासलं, हळदकुंकू वाहिलं आणि माझ्यात लसणाची चटणी कुटली. दोनशे वर्षांनी पोटात काहीतरी पडलं! पुढं दर रविवारी हेच. रत्नाचा माझ्यावर जीव जडला.

नोव्हेंबर २००७ मध्ये त्यांची सहावीतली इशिता शाळेतून आली ती थेट माझ्यापाशी. थँक्सगिव्हिंग या अमेरिकी सणानिमित्त शाळेत डोलोरेस नावाच्या आजी बोलायला आल्या होत्या. त्या ओलोनी समाजाच्या. या खोऱ्यात आधीपासून राहत आलेली माणसं ती हीच.

"आई, त्यांनी फोटो दाखवला. सेम स्टोन. इट्स नॉट अवर्स."

"मी काय चोरलंय? आपल्या अंगणात सापडलं."

"घर आपलं आहे, आई. स्टोन नाही."

 दोन दिवस रत्ना माझ्याकडे फिरकली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं त्या आजींना फोन केला, पण मनोहरला म्हणाली, "त्या ठेवा म्हणाल्या तर ठेवायचं हं."

आजी गुरुवारी, थँक्सगिव्हिंगलाच आल्या. "आज सगळा देश जेवत असतो," त्या इंग्रजीत म्हणाल्या, "आमचा हा सण नव्हे. मी मोकळी असते."

रत्नानं मला तीनदा साबणानं घासलं होतं. तरी आजींनी वाकून वास घेतला. "लसूण?"

"सॉरी. आम्हाला माहीत नव्हतं." रत्ना म्हणाली.

"म्युझियमच्या कपाटातल्या दगडांना कसलाच वास येत नाही," आजी म्हणाल्या. "हा निदान उपाशी नाही राहिला." मग त्यांनी विचारलं, "सापडला तेव्हा तोंड वर होतं की खाली?"

"खाली," मनोहर म्हणाला.

आजी मातीतच बसल्या. त्यांचा हात माझ्या खोलग्यात कितीतरी वेळ होता.

"म्हणजे ती परत येणार होती," त्या म्हणाल्या.

शेजारच्या घरातून हसण्याचे, ताटांचे आवाज येत होते.  रत्नानं पदरासारखी ओढणी डोळ्यांना लावली, ती आत गेली आणि ओंजळभर तांदूळ आणि गुळाचा खडा घेऊन आली. ते तिनं माझ्यात ठेवलं.

"ज्याचं भांडं त्याला रिकामं परत देत नाहीत आमच्यात," ती म्हणाली. ठेवून घेऊ का, हे तिनं विचारलंच नाही.

मनोहरनं आणि तिनं मिळून मला उचललं आणि आजींच्या गाडीत ठेवलं. काचेवरचा रत्नाचा हात गाडी हलेपर्यंत निघाला नाही.

आता मी मागच्या सीटवर आहे. आजी गाडी चालवताना काहीतरी बोलताहेत. इंग्रजी नव्हे. शेवटच्या बाईची भाषा! जुन्या कागदांवरून उतारवयात शिकलेली, अडखळती. एक शब्द चुकला, त्या थांबल्या, स्वतःवरच रागावल्या.

थांबू नका, आजी. चुकलं तरी बोला. मला सगळं कळतंय.