तुसात लपवलेली पळी

मी फोडणीची लोखंडी पळी बोलतेय, पण हळू बोलतेय. बाहेर काशिराम मला शोधतो आहे.

देश स्वतंत्र झाला त्या वर्षी काशिरामच्या बायकोने, कृष्णाबाईने, मला पनवेलच्या बाजारातून नेरे गावात आणलं. त्याला सहा पावसाळे झाले. तेल, मोहरी, लसूण, एवढंच माझं जग होतं.

गेल्या वर्षी भातात रानडुक्कर शिरलं. काशिरामने ठासणीची बंदूक झाडली. गोळी नुसत्या शिशाची, मऊ. खांद्याच्या हाडावर ती चपटी झाली. जखमी डुक्कर उलटलं आणि काशिरामच्या धाकट्या भावाला, दयारामला, फाडून गेलं. त्यानंतर काशिराम जेवताना बोलेनासा झाला. कृष्णाबाई चुकून तिसरं ताट मांडायची, मग ते उचलायचाही तिला धीर व्हायचा नाही.

यंदा भात पोटरीला आलं आणि बांधावर डुकराचे माग पुन्हा दिसले. काशिरामने पनवेलच्या एका छापखान्यातून अक्षरांचे झिजलेले खिळे आणले. ते शिशात वितळवले की गोळी कडक होते. त्यासाठी त्याने मला चुलीपासून उचललं.

कृष्णाबाई एवढंच म्हणाली, "नेताय तर न्या. शिसं लागलेली पली मी परत फोडणीला घ्यायची नाय."

पहिली गोळी त्याने नखाने खरवडली. ओरखडा उमटलाच नाही. दगडावर आपटली, तर टवका उडाला. खिळे जास्त झाले होते. मऊ शिसं आणखी हवं होतं. कृष्णाबाईचा भाऊ तुळशीराम आदल्या दिवशीच करंजा बंदराहून मासेमारीच्या जुन्या जाळ्याची वजनं घेऊन आला होता. शिशाची पट्टी दुमडून केलेली.

"अवो, दादूसनं कालच खाडीतनं काढलीत ती. आदी चुलीच्या वैलावर सुकवा," कृष्णाबाईने बजावलं.

"शिसं काय कापूस हाय, पानी प्यायला?" काशिराम हसला. वर्षभरात पहिल्यांदा.

दुमडीत पाणी होतं. माझ्यातल्या तापल्या रसात त्याने वजन सोडलं आणि सगळं शिसं फाटकन उसळलं. मी जमिनीवर पडले तेव्हा त्याचा हात उजव्या डोळ्यावर होता.

तो डोळा गेला.

आता तो डाव्या डोळ्याने आंब्याच्या बुंध्यावर नेम धरतो. नेम चुकतो. होईल सवय, म्हणतो. रोज एकच मागणं, "पली दे. एकच गोली वतायची हाय. दयारामच्या नावाची."

परवा कृष्णाबाईने मला तुसाच्या पोत्यात खोल खुपसलं. तो मागायला येईल म्हणून शेजारणींनीही आपापल्या पळ्या आत ठेवल्यात. भात कापणीला आठ दिवस उरलेत. पीक उठलं की डुक्कर डोंगराकडे वळेल.

पावलं जवळ आलीत.

"पली बगितलीस?"

"नाय."

तिचा आवाज स्थिर आहे. पण हात पोत्यावर आहे आणि तो पोतं दाबतोय. इथे आत माझ्यावर तूस झरतंय.

मी कुठे आहे हे आता तुम्हालाही कळलं. आठच दिवस, कुणाला सांगू नका.