तेलेमाकने पोचवलेली पत्रं

क्लेन्सीने माणसं मोजली. तेरा झाली. यादीत बाराच होती. त्याने पुन्हा मोजली, तेव्हा कंपनीबागेतल्या वडाखालच्या बाकावर तेरावी बाई दिसली. डोक्यावर चर्चची निळी टोपी, मांडीवर दोन्ही हातांनी धरलेली पर्स, पायांत रविवारचे बूट.

"मावशी? तू इथे काय करतेयस?"

"काय म्हणजे? फिरायला आलेय," सिदोनी म्हणाली. "पोर्ट लुईत जन्म गेला, पण मला पोर्ट लुई कुणी दाखवलं नाही. म्हटलं, भाचा साऱ्या जगाला दाखवतो, मावशीलाही दाखवेल."

"अगं, पण आधी सांगायचंस तरी!"

"सांगितलं असतं तर तू नको म्हणाला असतास. तुझ्या साहेबाला फोन केला. जयेन ना तो? भला माणूस. म्हणाला, घरच्या माणसाला कसले पैसे, या खुशाल."

तिने पर्समधून एक घडी घातलेला कागद काढला. ती ज्या मादामकडे इस्त्रीला जायची, तिने दिला होता. कागदावर पांढऱ्या सदऱ्यातला क्लेन्सी हसत होता, मागे ते जगप्रसिद्ध निळं तिकीट, आणि खाली लिहिलं होतं: 'ज्यांच्या खापरपणजोबांनी ती पहिली पत्रं घरोघर पोचवली, त्यांच्यासोबत एक दिवस.'

"वाचलंस?" क्लेन्सीने विचारलं.

"वाचलं. म्हणून तर आले."

मासळीबाजारात कल्ले उघडून बघताना ती जशी बघायची, तशी तिने त्याच्याकडे एकदा पाहिलं. मग कागद पुन्हा घडी करून ठेवून दिला.

आता ही पत्रांची भानगड काय, ते सांगायला हवं. १८४७ साली गव्हर्नरच्या बायकोने नाचाचा मोठा समारंभ केला. आमंत्रणांच्या पाकिटांवर या बेटाची पहिलीवहिली तिकिटं लागली, लाल एका पेनीचं आणि निळं दोन पेन्सचं. त्यातली जगात आज जेमतेम पंचवीस-तीस उरलीत. दोन इथेच, बंदरावरच्या संग्रहालयात आहेत. रंग उडू नये म्हणून त्यांच्यावर दिवा लावतात तो दर अर्ध्या तासाने फक्त दहा मिनिटं. बाकी वेळ काचेआड काळोख. वाटाड्याचं सगळं कसब यातच, की टोळी दिवा लागायच्या वेळी दारात हजर हवी. चुकलात, तर वीस मिनिटं काळोख्या काचेसमोर बसून लोकांची समजूत काढत राहा.

तीन वर्षांपूर्वी क्लेन्सी असाच चुकला होता. उन्हाने वैतागलेली टोळी, एक म्हातारा चिडून बाहेर निघालेला. त्याला थांबवायला म्हणून क्लेन्सी बोलून गेला, "ती पत्रं कुणी वाटली माहीत आहे का? माझ्या खापरपणजोबांनी." म्हातारा वळला. वळला तो वळलाच. वीस मिनिटं कुणी जागचं हललं नाही. तेलेमाक हे नावही तेव्हाच तोंडात आलं. गुलामगिरी उठून बारा वर्षं झालेली, मालकांनी ठेवलेली अशी भारदस्त नावं तेव्हा गल्लोगल्ली होती. पुढच्या टोळीने स्वतःहून विचारलं, "तुमच्या आजोबांची गोष्ट सांगा ना." मग जयेनच्या कानावर गेलं, आणि जयेनने ते छापलं. एका थापेला पाय फुटायला एवढंच पुरतं.

आणि ही सिदोनी म्हणजे कोण? आई गेल्यावर क्लेन्सीला सहाव्या वर्षापासून वाढवणारी. सातव्या वर्षी त्याने कोपऱ्यावरच्या दुकानातून खोबऱ्याचा केक उचलला आणि 'मी नाही' म्हणाला, तेव्हा कानाला धरून भर गिऱ्हाइकांत त्याच्याकडून सगळं वदवून घेणारी. 'खोट्याच्या कपाळी गोटा' ही म्हण त्याला शाळेत नाही, तिच्या स्वयंपाकघरात पाठ झाली होती.

त्या सकाळी क्लेन्सीने टोळीला अक्षरशः पळवलं. अकराच्या ठोक्याला दिव्याखाली पोचायचं; थांबणं नाही, तर गोष्ट नाही. साधा हिशेब. बाजारात आलूदा, म्हणजे सब्जा घातलेलं गार दूध, प्यायचा कार्यक्रम त्याने परस्पर रद्द केला. पुतळ्यांपाशी दोन-दोन वाक्यं. रेनियों बेटावरून आलेले निवृत्त मास्तर, ओआरो नावाचे, वही घेऊन मागून धापा टाकत म्हणाले, "अहो, आग लागलीय का कुठे?"

"उन्हाच्या आधी पोचू, मिस्ये."

कॅथीड्रलपाशी सिदोनी थांबली. "एक मेणबत्ती लावून येते."

"मावशी, उशीर होतोय."

"देवाच्या दारावरून जायचं आणि आत डोकवायचं नाही? तू हो पुढे, तुझे पाहुणे घेऊन."

पण पाहुण्यांनाही आत जायचं होतं. ती वाकून मेणबत्ती लावत होती तेव्हा त्यांनी तिचे फोटो काढले. संग्रहालयाच्या जिन्याने वर पोचले तेव्हा अकरा वाजून अकरा मिनिटं झाली होती. काच काळी पडली होती.

सगळे बाकांवर टेकले. क्लेन्सी पाण्याच्या बाटल्या वाटत राहिला. एका बाटलीचं झाकण त्याच्याच्याने उघडेना.

"चला, आता ती गोष्ट होऊन जाऊ दे!" केपटाऊनहून आलेली तरुण बाई म्हणाली. तिच्या हातात तो कागद होता. "आम्ही त्यासाठीच हा दिवस निवडला."

"नको, आज जरा घसा..."

"सांग की," सिदोनी म्हणाली. "आणि जरा मोठ्याने सांग. मला हल्ली कमी ऐकू येतं."

त्याने सांगितली. तीन वर्षांत पाठ झालेली गोष्ट, पण आज वाक्यं मध्येच तुटत होती. तेलेमाक, वय एकोणीस, खांद्याला कातडी पिशवी, दारोदार पाकिटं. मावशी बसली होती त्या बाजूला त्याने एकदाही मान वळवली नाही.

गोष्ट संपली. टाळ्या झाल्या. मग ओआरो मास्तरांनी हात वर केला. शाळेत मुलं करतात तसा, अदबीने.

"माफ करा. मी तीस वर्षं या तिकिटांच्या मागे आहे. कोरणारा माहीत आहे, छापली कधी ते माहीत आहे. पण ती पाकिटं कुणी वाटली, त्यांची नावं मला कुठेही मिळालेली नाहीत. तुमच्याकडे काही आहे? एखादा कागद? नोंद?"

"घरात... सांगत आलेत सगळे."

"कोण सांगत आलंय?" मास्तरांचा आवाज चढला नव्हता, पण वही मिटली होती. "राग मानू नका. पण हे छापून लोक बोलावता तुम्ही. आधार नसेल तर ही फसवणूक झाली. पर्यटन खात्याला लिहिणं मला भाग आहे."

सगळे क्लेन्सीकडे बघू लागले. केपटाऊनच्या बाईने कागद हळूच उलटा करून मांडीवर ठेवला. परवाना जाईल, जयेन हाकलून देईल. पण त्या घटकेला क्लेन्सीला त्याचं काही वाटलं नाही. हे सगळं मावशीच्या समोर चाललंय, एवढंच त्याला कळत होतं. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं.

"माझी आजी सांगायची," सिदोनी म्हणाली.

ती उठून उभी राहिली होती. पर्स पोटाशी धरलेली.

"तेलेमाक तिचे वडील. बूट नव्हते त्यांच्याकडे, म्हणून सगळीकडे मागच्या दाराने जायचे. पाकीट हातात द्यायची सोय नव्हती. मोलकरीण ताट पुढे करायची, त्यात ठेवायचं. त्यांचा हात लागलेलं आमंत्रण मालकिणीला चालायचं नाही, आणि वाटलं मात्र त्यांनीच! पाऊस आला तर पाकिटं सदऱ्याच्या आत, छातीशी. समारंभाच्या रात्री बाहेर गाड्यांचे घोडे धरून उभे होते. घरी येऊन म्हणाले, वाजवत फार छान होते. आजी हे सांगताना रडायची. कागद कुठून आणू, मिस्ये? आमच्या लोकांना लिहायला कुणी शिकवलं होतं?"

मास्तर उभे राहिले, त्यांनी टोपी काढली. "मला क्षमा करा, मादाम," ते म्हणाले. मग वही उघडून त्यांनी विचारलं, "तेलेमाक. पुढे काय? सावकाश सांगा, मी लिहून घेतो."

सिदोनीने सावकाश सांगितलं.

सिदोनीची आजी सिदोनी जन्मायच्या अकरा वर्षं आधी वारली होती. हे क्लेन्सीला पक्कं ठाऊक होतं. दर नोव्हेंबरात थडग्यावरची तारीख तोच तर घासूनपुसून काढायचा. चर्चच्या जुन्या वहीत त्या आजीच्या बाप्तिस्म्याची नोंद होती, आणि बापाच्या जागी लिहिलं होतं: अज्ञात. त्याच्या मागे त्यांचं घराणं कुठे जात नव्हतं.

साडेअकराला दिवा लागला. सगळे काचेला चिकटले. नखाएवढी दोन तिकिटं. क्लेन्सी भिंतीकडे तोंड करून उभा होता.

घरी, रोश ब्वाला जाणाऱ्या बसमध्ये ती खिडकीशी बसली. क्लेन्सी म्हणाला, "मावशी, ते तू..."

"आज शनिवार. चार वाजता पापनिवेदन असतं," ती म्हणाली. "थेट चर्चपाशीच उतरू."

चर्चच्या पायरीवर तिने टोपी आणि पर्स त्याच्याकडे दिली आणि ती आत गेली. तिच्या पुढे चार बायका होत्या. तेवढ्यात जयेनचा फोन आला.

"अरे क्लेन्सी, कमाल आहे! त्या मास्तरांनी मला स्वतः फोन केला. असा दिवस आयुष्यात पाहिला नाही म्हणे. ही मावशी इतके दिवस कुठे लपवून ठेवली होतीस? दर शनिवारी येतील का त्या? नुसतं बाकावर बसून चार शब्द सांगायचे. विचार त्यांना."

"विचारतो," क्लेन्सी म्हणाला. फोन ठेवल्यावर त्याला स्वतःचीच किळस आली.

सिदोनी बाहेर आली ती जरा लवकरच. पायरीवर त्याच्याशेजारी बसली.

"नाही दिली," ती म्हणाली.

"काय?"

"क्षमा. फादर म्हणाले, बाई, एवढीशी गोष्ट, पश्चात्ताप झालाय ना? मी म्हटलं, नाही. उद्या वेळ आली तर पुन्हा बोलेन. ते म्हणाले, मग मी काय करू? होईल तेव्हा ये."

"मावशी, माझ्यासाठी तू कशाला... माझं पाप आहे ते."

"तुझ्यासाठी म्हणूनच उभी राहिले मी. तुझं तोंड बघवेना." तिने टोपी मांडीवर घेऊन तिची कड सरळ केली. "पण मग त्या गृहस्थाने वही उघडली. आपल्या घरातल्या माणसाचं नाव कुणीतरी विचारून, टोपी काढून लिहून घेतलं. मला बरं वाटलं रे क्लेन्सी. फार बरं वाटलं. आत गुडघे टेकल्यावरही बरंच वाटत होतं. देवाला काय सांगू?"

क्लेन्सीला रडू आलं. ती त्याच्या पाठीवरून हात फिरवेल असं त्याला वाटलं. तिने फिरवला नाही.

दुसऱ्या दिवशी, कैक वर्षांनी, तो मिस्साला गेला. सिदोनी नेहमीप्रमाणे दुसऱ्या रांगेत बसली होती. तो तिच्याशेजारी बसला. ख्रिस्तप्रसादाची वेळ झाली, रांग उठली. पापाची क्षमा न मिळालेल्याने तो प्रसाद घ्यायचा नसतो. पन्नास वर्षं त्या बाजूने पहिली उठायची ती सिदोनी. शेजारच्या मिर्लेनने तिला कोपराने ढोसलं.

"सिदोनी, चल की."

"तू हो पुढे."

"बरं नाही का?"

"बरी आहे."

मिर्लेनने क्लेन्सीकडे पाहिलं, पुन्हा सिदोनीकडे पाहिलं, आणि ती पुढे गेली. पुढच्या रांगेतल्या दोन बायकांनी मागे वळून बघितलं. मग तिघींनी. संध्याकाळपर्यंत रोश ब्वाभर होणार होतं, की सिदोनीने असं केलंय तरी काय. ती ताठ बसून वेदीकडे बघत होती. तिचे ओठ हलत नव्हते.

"मी उद्या जयेनला सगळं सांगतो," क्लेन्सी कुजबुजला. "मास्तरांनाही पत्र लिहितो."

"लिही."

"नोकरी जाईल."

"जाईल."

"मग पुढच्या शनिवारी तू फादरकडे जा. मग तर देतील ना ते?"

सिदोनीने पहिल्यांदाच मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. डोळ्यांत राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"तू खरं बोललास म्हणून मला पश्चात्ताप होईल, असं तुला कोण म्हणालं?"

प्रसाद घेऊन बायका हात जोडून परत येऊ लागल्या. त्यांना आपल्या जागी जाता यावं म्हणून सिदोनीने पाय बाजूला घेतले.