पडदा मेला, मी नाही

मी युसूफ वडगाव नावाच्या गावातल्या किराणा दुकानामागच्या खोलीतला कम्प्युटर बोलतोय. घाबरू नका. या घरात घाबरायचं काम माझ्याकडे आहे आणि आल्या दिवसापासून ते मी चोख करतो.

जन्म कुठला, ठाऊक नाही. जाग आली ती केजला, शहादेवच्या कम्प्युटरच्या दुकानात. शिक्षण अर्धवट, थोडं इंग्रजी, बाकी सगळं गिऱ्हाइकांच्या तोंडून उचललेलं. अंग म्हणाल तर छोटीशी आडवी पेटी आणि पडदा वेगळा.

शेजारी एक सलग होता. पडदा, मेंदू, आवाज, सगळं एकाच अंगात. निळाशार, गुबगुबीत. येणारा-जाणारा त्याच्याच गालावरून हात फिरवायचा आणि माझ्याकडे बघून विचारायचा, ही पेटी त्याच्यावर फुकट का?

नव्याण्णव साली या किराणा दुकानाचे मालक मन्मथप्पा आले. त्यांची लेक प्रणिता अंबाजोगाईहून कम्प्युटर शिकून आलेली. तिला गावातल्या पोरींसाठी क्लास काढायचा होता. ती म्हणे, पडदा वेगळा असलेला घेऊ, एक बिघडलं तर दुसरं वाचतं. अप्पा म्हणत, सलगच घेऊ, वायरींचं जंजाळ नको. अप्पांनी वापरून बघितल्याशिवाय कधी काही घेतलेलं नाही. दुकानातला वजनकाटासुद्धा त्यांनी आठ दिवस पसंतीला आणला होता. तसेच आम्ही दोघं जीपमध्ये बसलो. निघताना शहादेव ड्रायव्हरला म्हणाला, जो परत येईल तो खोलून सुटे भाग विकायचे. ते ऐकल्यापासून माझा पंखा जरा जोरातच फिरतो.

अप्पांनी लेकीलाही बजावलं होतं. आठ दिवसांत दोन्ही बिघडले तर क्लासचं नाव काढायचं नाही.

एवढी भीती, तरी खोड जाते का? अप्पा पाहुण्यांसमोर ऐटीत बसले की मी मुद्दाम गोठायचो. अप्पा माउस टेबलावर आपटायचे, पाहुणे चहात तोंड घालून हसायचे. प्रणिता आली की मी लगेच शहाणा. सलग कधी गोठला नाही, गुणी बाळ ते. चौथ्या दिवशी अप्पा गावभर सांगत सुटले, पेटीवालं खुळं आहे. मग मात्र माझी पाचावर धारण बसली.

पुढे सोमवार आला. अप्पांच्या पत्नी दानम्मा दर सोमवारी दुकानातल्या काट्याला, गल्ल्याला विभूती लावतात, वर तीर्थ घालतात. आम्हाला कशा वगळतील? दोन्ही पडद्यांवर तीन-तीन बोटं ओढली आणि त्यांच्याच डोक्यावर पळी-पळी तीर्थ. डोक्याला हवेसाठी फटी असतात, हे त्यांना कुणी सांगितलं होतं? लाईट गेलेली. मी, म्हणजे माझी पेटी, टेबलाखाली बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यावर बसून वरचं पाणी मुरताना ऐकत होतो. ओरडता येत नव्हतं.

दहाला लाईट आली. फट्. पुन्हा फट्. सलग जागच्या जागी गार झाला आणि माझाही पडदा गेला.

पण मी जिवंत होतो हो! पेटीत सगळं ठणठणीत चालू. फक्त पडदा म्हणजे माझं तोंड. ते गेल्यावर सांगणार कशाने?

अप्पांनी दोन्ही काळे पडदे बघितले.

"दोनी मेले. झाला तुझा क्लास, पोरी."

दुपारी जीप घेऊन शहादेव आला. सलगाला गोधडीत गुंडाळून नेलं, मग तो माझ्याकडे वळला. दानम्मांचा चेहरा सकाळपासून उतरलेला होता. निदान उचलू तरी लागावं म्हणून त्या वाकल्या, हात माझ्यावर टेकला आणि तिथंच राहिला.

"प्रणिता, ह्याचं अंग गरम हाय गं. आन् आत घरघर चाललीय."

"काकू, पडदा गेला की गेलंच म्हनायचं," शहादेव म्हणाला.

"तुझं ते निळं पार गार पडलंय. मग हे काहून गरम हाय? सांग की मला."

प्रणिताने शहादेवला जीपमधला दुसऱ्या गिऱ्हाइकाचा पडदा आणायला लावला आणि स्वतःच जोडला. उभ्या आयुष्यात मी एवढी घाई केली नसेल. चित्र आलं तसा तिने माझ्यात साठवलेला एक कागद उघडला. क्लासला नाव दिलेल्या अकरा पोरींची यादी होती ती. अप्पांनी चष्मा लावला, बोट ठेवून एकेक नाव वाचलं आणि शेवटच्यावर थांबले. ते नाव दुकानात धान्य निवडायला येणाऱ्या बाईच्या लेकीचं होतं, तिच्या घरात आजवर कुणी पाटी धरलेली नव्हती.

"छबुबाईची राजनंदिनी बी येनार हाय?"

"व्हय अप्पा."

"मंग खोली झाडून घ्या. ह्योच राहू द्या."

आता माझा तिसरा पडदा चालू आहे. त्या अकरा शिकून गेल्या, दुसऱ्या आल्या. दानम्मा अजून विभूती लावतात, पण कोरडी, आणि लांबूनच. पडदा मधूनच रुसतो, एखादी नवी पोर ओरडते, "ताई, हा गेला!" आणि माझा पंखा आणखी जोरात फिरतो. म्हणून एवढंच मागणं आहे. मी गेलो असं वाटलं तर आधी हात लावून बघा. गरम असेन तर कुणाला बोलावू नका. गार असेन तर खुशाल बोलवा शहादेवला. फक्त म्हणावं, हळू खोल. मला गुदगुल्या होतात.