माझ्या पाण्यात ती पूड नको

मित्रांनो, माझं झाकण कोणी उघडलं की मी आधी त्याच्या हातात काय आहे ते बघते. मी पाण्याची जुनी काळी टाकी आहे. खडवलीला उत्तमच्या कोंबड्यांच्या शेडवर बसलेली असते.

पूर्वी काय रुबाब होता माझा! "आमच्या टाकीचं पाणी पिऊन पक्षी बघा कसे टुणटुणीत," असं उत्तमची बायको दर्शना येईल त्याला सांगायची. मी नुसती फुगून जायचे.

मग एकदा गटारी जवळ आली. श्रावणाआधी अख्खं कल्याण-डोंबिवली चिकनवर तुटून पडतं. त्या गर्दीत एकही पक्षी दगावू नये म्हणून उत्तमने जंतू मारायच्या औषधाची पूड माझ्यात ओतली. पक्षी आजारी नव्हते हो! डॉक्टरांनाही विचारलं नव्हतं. औषध दिल्यावर काही दिवस पक्षी विकायचे नसतात, तेही पाळलं नाही. पुढे दर गटारीला हेच. बाई गं, सगळे जंतू मरत नव्हते! जे उरले ते त्या औषधाला सरावले आणि शेडभर पसरले.

यंदा पक्षी पकडताना दर्शनाच्या हाताला नख लागलं. "हळद लाव, जाईल," उत्तम म्हणाला. हात कोपरापर्यंत सुजला, ताप चढला. कल्याणच्या दवाखान्यात एक औषध झालं, दुसरं झालं, गुण येईना. उत्तम शेडच्या दारात बसून फोनवर भावाला म्हणाला, "महेंद्र, जंतू औषधाला ऐकतच नाय रे. शेडमधलेच हायत, डॉक्टर बोलले. ती जाईल रे माझी." मला पाय असते तर मी पळूनच गेले असते.

शेवटचं एक औषध लागू पडलं. दर्शना वाचली, पण दोन बोटं गेली.

परवा पक्षी शिंकायला लागले. उत्तम पुडी घेऊन शिडी चढला. खालून दर्शना ओरडली, "अहो, उतरा खाली! उद्या आपल्या पोरीला, सान्वीला काय लागलं तर डॉक्टर तिला देतील काय?"

उत्तम उतरला. त्याने जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला.

आज माझ्यात साधं पाणी आहे. तरी भीती जात नाही. इथून मला किती शेड दिसतात, किती टाक्या! मित्रांनो, घरातल्या मोठ्यांना सांगा, डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय हे औषध ना जनावराला द्या, ना माणसाला. सांगा रे लवकर. लागू पडणारं औषध एकच उरलंय आणि सान्वी अजून दुसरीत आहे.