शवपेट्यांच्या दुकानातला समुद्र

तिसा नदीच्या काठच्या त्या गावातून समुद्र कुठल्याही दिशेला दिवसभराच्या वाटेवर. सगळीकडे सपाट जमीन, मका, सूर्यफूल आणि मधून वाहणारं मातकट पाणी. अशा गावात नेगोवानने आपल्या दुकानात समुद्र आणायचं ठरवलं, ते केवळ वितोमिरमुळे.

नेगोवानचं दुकान शवपेट्यांचं. पेट्या, लाकडी क्रॉस, पुष्पचक्रं आणि दफनभूमीपर्यंत न्यायला काळी गाडी. रस्त्याच्या पलीकडे वितोमिरचं दुकान, तेही त्याच सामानाचं. दोघं सकाळी टोपी काढून एकमेकांना रामराम करत आणि मग दिवसभर पलीकडच्या दारातून कोण डोळे पुसत आत गेलं यावर नजर ठेवत. वसंतात वितोमिरने चामड्याचा सोफा आणला आणि कॉफीचं यंत्र बसवलं. लोक म्हणू लागले, वितोमिरकडे कसं घरच्यासारखं वाटतं. नेगोवानची भूक उडाली.

त्याच सुमारास तो दाढ काढायला नोवी साद शहरात गेला. दवाखान्यात खाऱ्या पाण्याची मोठी काचपेटी होती. निळा उजेड, खडक, केशरी मासे. घरी आल्यावर तो बायकोला म्हणाला, "स्लावका, काय सांगू तुला! दाढ उपटायची होती, तरी मी हसत बसलो होतो."

"इंजेक्शन दिलं होतं तुला," स्लावका म्हणाली. "तू वाटेत गायीकडे बघूनही हसला असशील."

पण नेगोवानने ऐकलं नाही. शोकातल्या माणसाला कॉफी काय करायची आहे? त्याला शांती पाहिजे, अथांगपणा पाहिजे. काचपेटी आली. तिच्यासोबत वाळू, खडक, पोतंभर मीठ, पंप आणि हे सगळं विकणारा ओग्न्येन नावाचा तरुण आला. त्याने पाण्यात मीठ कालवलं आणि नेगोवानला बजावलं, "काका, समुद्र तयार व्हायला लाखो वर्षं लागली. तुम्ही निदान काही महिने धीर धरा."

"धीर?" नेगोवान म्हणाला. "अरे, धीर हाच माझा धंदा आहे."

सुरुवातीला सगळं दृष्ट लागण्यासारखं होतं. दोन केशरी मासे, एक छोटा खेकडा, पांढरीशुभ्र वाळू. मेलेल्याच्या घरचे लोक शवपेटीचं लाकूड निवडायला यायचे आणि काचेसमोरच्या बाकावर बसून राहायचे. वितोमिरच्या सोफ्यावर मांजर झोपू लागली.

मग वाळूवर तपकिरी साय धरली, कोणीतरी कोको सांडल्यासारखी. ओग्न्येन फोनवर म्हणाला, "नव्या पेटीत असं होतंच. आपोआप जाईल." ती गेलीही, पण जाताना जागा दुसऱ्याला देऊन गेली. खडकांना हिरवी लव फुटली. लवेची दाढी झाली, दाढीच्या जटा झाल्या. मासे त्यातून असे डोकावायचे, जणू मक्याच्या शेतात कोणी लपून बसलंय. वितोमिर खानावळीत मोठ्याने म्हणाला, "नेगोवानच्या हातात गेलं की पाण्यावरसुद्धा गवत उगवतं."

हे नेगोवानला फार लागलं. त्याने इंटरनेटवर खाऱ्या पाण्याच्या शौकिनांचा एक गट शोधून काढला आणि तिथे फोटो टाकला. एक म्हणाला, रोज पाणी बदला. दुसरा म्हणाला, पाण्याला हात लावाल तर याद राखा. तिसऱ्याने गोगलगायी सोडायला सांगितल्या. चौथा म्हणाला, गोगलगायी सुचवणारा हा माणूस मूर्ख आहे, आणि मग ते दोघं आठवडाभर एकमेकांची अक्कल काढत बसले. नेगोवानचं शेवाळ ते पार विसरून गेले. निश शहरातल्या एका गृहस्थाने फक्त एवढंच लिहिलं: देव तुमचं भलं करो.

नेगोवानने सगळ्यांचंच ऐकलं. पाणी बदललं, बदललं नाही, गोगलगायी सोडल्या. गोगलगायी काचेवर चढायच्या, पाठीवर पडायच्या आणि तशाच पडून राहायच्या. जटा वाढतच होत्या. शेवटी त्याने ओग्न्येनला बोलावून घेतलं. ओग्न्येनने पाणी नळीत घेतलं, त्यात थेंब टाकले. पाणी एकदम गडद झालं, म्हणजे त्यात खाण्याची घाण फार.

"काका, माशांना खायला किती घालता?"

"चिमूटभर. तेही दिवसाआड."

"शक्यच नाही. इथे कोणीतरी लग्नाची पंगत उठवतंय. शेवाळ काय हवेवर वाढतं का?"

"म्हणजे मी खोटं बोलतोय?"

"रागावू नका काका. माशांच्या खाण्याबद्दल सगळेच खोटं बोलतात, बायकोने डॉक्टरकडे नेलेल्या नवऱ्यासारखं."

नेगोवानचा चेहरा पडला, तेव्हा ओग्न्येनने एक शेवटचा उपाय सांगितला. शेवाळाला उजेड लागतो. तीन दिवस पेटी पूर्ण झाकायची, एक किरणसुद्धा आत जाता कामा नये. पंप मात्र चालू ठेवायचा, नाहीतर मासे गुदमरतील. "काहीतरी जाड आणि काळं टाका," तो म्हणाला आणि गेला.

जाड आणि काळं. नेगोवानच्या दुकानात दुसरं होतं तरी काय? त्याने कपाटातलं शवपेटीवर घालायचं सगळ्यात भारी मखमली आच्छादन काढलं, चंदेरी झालर आणि मधोमध चंदेरी क्रॉस असलेलं, आणि पेटीवर चारी बाजूंनी जमिनीपर्यंत सोडलं.

"अरे, साधी गोधडी टाक ना," स्लावका दारातून म्हणाली. "हे कसं दिसतंय बघ तरी."

"गोधडीतून उजेड जातो," नेगोवान म्हणाला आणि एका दफनासाठी शेजारच्या गावाला निघून गेला. स्लावका बाजारात गेली. दुकान उघडंच होतं. शवपेट्या कोण चोरतंय?

तेवढ्यात पेर्सिदाआजी आल्या. गावात कोणीही गेलं की पेर्सिदाआजी तिथे असायच्याच, ओळख असो वा नसो. त्यांनी काळी मखमल पाहिली, खाली रोजची काचपेटी असेल हे त्यांच्या मनातही आलं नाही. त्यांनी छातीवर क्रॉस केला, पिशवीतून मेणबत्ती काढून लावली आणि कान दिला. मखमलीखालून गुडगुड आवाज येत होता.

"बिचारा," आजी पुटपुटल्या. "शेवटपर्यंत पोटाने छळलं."

दुपारपर्यंत गावभर झालं. नेगोवानकडे मयत आलंय, मोठं काहीतरी आहे, कारण ना दारावर मेलेल्याच्या नावाची चिठ्ठी, ना विजेच्या खांबावर. ज्याचं नाव लावत नाहीत तो साधासुधा माणूस नसणार. कोणी म्हणालं, जिल्ह्याचा माजी अधिकारी. कोणी म्हणालं, त्याच्यासोबत पैसेही असणार. बायका फुलं घेऊन आल्या. पुरुष टोप्या हातात घेऊन उभे राहिले आणि जो कोण असेल तो किती सज्जन होता यावर एकमत झालं. माजी ग्रामप्रमुख तर रडलासुद्धा, म्हणाला, "माझ्यावर त्याचे फार उपकार आहेत."

वितोमिरला राहवेना. असं गिऱ्हाईक आपल्या हातून गेलं कसं? संध्याकाळी तो काळा कोट घालून रस्ता ओलांडून आला. नेगोवान नुकताच परतला होता आणि आपल्याच दुकानातल्या मेणबत्त्यांकडे तोंड वासून बघत होता.

"शेजारी, देव त्याला शांती देवो," वितोमिर टोपी काढून म्हणाला. "कोण गेलं रे?"

"अजून कोणी नाही," नेगोवान म्हणाला. "दोघं आहेत, आणि एक खेकडा."

वितोमिरने टोपी डोक्यावर घातली, पुन्हा काढली, आणि रस्ता ओलांडून परत गेला. माजी ग्रामप्रमुख पुढे कितीतरी दिवस नेगोवानच्या दुकानासमोरून गेला नाही.

तिसऱ्या दिवशी नेगोवानने आच्छादन उचललं. जटा पांढऱ्या पडून गळत होत्या. मासे जिवंत, खेकडा जिवंत. नेगोवानचे डोळे भरून आले. पण मखमलीचा एक कोपरा दुमडलेला होता, आणि त्याच्याखाली, पेटीतल्या वाळूवर, ताजे उकडलेले गहू. साखर घातलेले, अक्रोडाचा चुरा लावलेले, मेलेल्यांच्या नावाने वाटतात तेच. त्याने बाही वर सारून वाळू उकरली. खाली मनुका होत्या, केकचे तुकडे होते, आणि कधीचा तरी डाळिंबाचा दाणा.

पेर्सिदाआजी बाकावरच बसल्या होत्या.

"आजी, हे तुम्ही टाकलंत?"

"मग! पहिल्या दिवसापासून टाकतोय आम्ही सगळे. जिवंत जीव आहे, गेलेल्याच्या नावाने घास घातला तर पुण्य लागतं. तू इतके दिवस काय पाहत होतास?"

नेगोवान इतके दिवस फक्त शेवाळ पाहत होता. त्याने दुसऱ्याच दिवशी पाटी लावली: माशांना काही घालू नये. पाणी स्वच्छ झालं. आठवडाभर खडक असे चमकले की नेगोवानने त्यांचे फोटो निशच्या गृहस्थालाही पाठवले. पण बाकावर कोणी बसेना. पेर्सिदाआजींनी गावात सांगितलं, "शवपेटीचे पैसे मोजून घेतो आणि आत्म्याला चमचाभर गहू जड होतात त्याला." वितोमिरच्या सोफ्यावरून मांजर उठली.

"पाटी काढ," स्लावका म्हणाली.

"पाटी काढली की शेवाळ येणार."

"मग शेवाळ खाणारं, गहू खाणारं, केक खाणारं काहीतरी ठेव. असं एकच जनावर मला माहीत आहे, आणि ते या नदीत फुकट मिळतं."

ओग्न्येन येऊन मासे, खेकडा आणि उरलेलं मीठ घेऊन गेला. जाताना म्हणाला, "काका, थोडं चुकलंच तुमचं. समुद्र ठेवायचा म्हणजे आधी गाव बदलायला हवं होतं." नेगोवानने पेटी धुतली, नदीचं पाणी भरलं आणि त्यात कार्प मासा सोडला, हातभर लांब, मिशीवाला, गंभीर चेहऱ्याचा. त्याने दोन दिवसांत सगळी वाळू ढवळून टाकली. पाणी चहासारखं गढूळ झालं आणि गावाच्या तक्रारी बंद झाल्या. हे पाणी सगळ्यांच्या ओळखीचं होतं. शेवाळ आलं, कार्पने ते खाल्लं. गहू आले, तेही खाल्ले. लोक पुन्हा बाकावर बसू लागले आणि मासा वर आला की आपल्या गेलेल्या माणसाची आठवण काढून म्हणायचे, आज पप्पांना भूक लागलेली दिसते.

डिसेंबरात संत निकोलसचा सण आला. नेगोवानच्या घराण्याचा तोच कुलदेवतेचा दिवस, उपासाचा, म्हणजे मांस-दूध वर्ज्य, पण त्या दिवशी ताटात मासा हवाच. बाजारात कार्प महाग झाला होता. स्लावका सुरी पुसत दुकानाच्या दारात उभी राहिली आणि पेटीकडे बघत म्हणाली, "चांगला पाच-सहा किलोचा झालाय."

नेगोवानने पाहिलं. कार्प काचेजवळ आला होता आणि तोंड उघडून गव्हाची वाट बघत होता.

"वेडी आहेस का?" तो म्हणाला. "यात आपलं अर्धं गाव आहे."

त्या वर्षी त्यांनी सणाला डबाबंद सार्डिन मासे खाल्ले. पाहुण्यांनी ते गोड मानून घेतलं, आणि उरलेला पाव पिशवीत बांधून, घरी जाता जाता, दुकानात थांबून कार्पला घातला.